दाबोळी ते मोपा : साठ-बासष्ट किलोमीटर आणि एक हुकलेलं विमान

ताईचा फोन आला तेव्हा दुपारचे ३ वाजून ४० मिनिटं झाली होती. जानेवारी २०२५ मधला एक शुक्रवार. सावंतवाडीतल्या माझ्या तिकीट बुकिंगच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाचं वेटिंग कन्फर्म होतंय का ते बघत बसलो होतो.

"अरे, हे आम्हाला आत सोडत नाहीयेत. म्हणतात, तुमचं विमान इथून नाहीच."

"इथून म्हणजे कुठून?"

"दाबोळीहून! दारातला जवान तिकीट बघून म्हणाला, मोपा. मोपा कुठे आलं?"

पुढचं काही विचारायची गरजच पडली नाही. गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. गेल्या दोन वर्षांत अशी चार-पाच प्रकरणं माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत. हे घरचं निघालं, एवढाच फरक. म्हणून ते मिनिटामिनिटाने आठवतंय आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती यथावकाश येईलच.

आधी माणसं. ताई म्हणजे माझी आतेबहीण, ठाण्यात एका रुग्णालयात परिचारिका. शनिवारी सकाळी सातला तिची ड्युटी. सोबत भावोजी, नववीतला भाचा आणि आत्या. आत्याचं वय ७४, गुडघे दुखतात, शंभर पावलांनंतर ती बसायला जागा शोधते. चौघं चार दिवस बाणावलीला राहिले. जाताना मुंबईहून दाबोळीला उतरले होते, त्यामुळे परतीलाही दाबोळीच, हे कुणी तपासलंच नव्हतं. तिकिटं भावोजींनी एका संकेतस्थळावर स्वतः काढली होती. मला विचारलं असतं तर वगैरे मी त्या दिवशी बोललो नाही, नंतर बोललो. परतीचं विमान संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांचं. ते विमानतळावर ३:३५ ला पोहोचले, म्हणजे अडीच तास आधी. वेळेची शिस्त अगदी बरोबर पाळली, फक्त नदीच्या चुकीच्या बाजूला.

खरं तर एका नव्हे, तीन नद्यांच्या.

नकाशावर दाबोळी आणि मोपा या दोन धावपट्ट्यांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती जेमतेम चाळीस किलोमीटरची भरते. मोपा जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. विमानाला हे अंतर म्हणजे काहीच नाही, चाकं आत घेऊन वळेपर्यंत ते संपतं. माणसाला मात्र दाबोळीच्या पठारावरून खाली उतरून सांकवाळ, कुठ्ठाळी, मग जुवारी नदी, मग आगशी, बांबोळी, मेरशी, मग मांडवी, पर्वरी, गिरी, म्हापसा, कोलवाळला शापोरा नदी, धारगळ आणि तिथून पुन्हा चढून मोप्याच्या पठारावर असं जावं लागतं. रस्त्याने साठ-बासष्ट किलोमीटर. रविवारी पहाटे पाच वाजता हे सव्वा तासात होतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता किती लागेल, हे त्या दिवशी पर्वरी ठरवते.

तिकिटाच्या दोन्ही पानांवर 'गोवा' असंच छापलेलं होतं. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात तीन अक्षरी संकेत. जातानाच्या पानावर जीओआय, म्हणजे दाबोळी. येतानाच्या पानावर जीओएक्स, म्हणजे मोपा. शेवटच्या एका अक्षराचा फरक. संकेतस्थळावर 'गोवा' टाकून शोधलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत, स्वस्तापासून महागाकडे लागून येतात. भावोजींनी सगळ्यात वरचं घेतलं. प्रत्येकी ३,९५० रुपये. जगातला कोणीही माणूस तेच करेल.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हा घोळ कळत नाही. दाबोळी हा पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधलेला विमानतळ. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे गेला आणि आजही 'आयएनएस हंसा' हा नौदलाचा तळ तिथेच आहे. आपली प्रवासी विमानं धावपट्टी त्यांच्यासोबत वाटून घेतात. नौदलाच्या सरावासाठी सकाळचे तास राखीव ठेवण्याची तिथली पद्धत जुनी, त्यामुळे प्रवासी विमानांची दाटी दुपारनंतर आणि रात्री. दुसरा विमानतळ हवा ही मागणी त्यातूनच आली. मोप्याला २००० साली तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा, नवा सुरू झाला की दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद करायची, अशी अट होती. दक्षिण गोव्यात त्यावरून रान उठलं आणि पुढे ती अट बदलली. मग २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, ती २०२० च्या जानेवारीत पुन्हा मोकळी झाली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं आणि ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली. जुना बंद झाला नाही, नवा चालू झाला. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना हे फार मानवलं. आमच्या सावंतवाडीहून मोपा अर्ध्या-पाऊण तासावर, दाबोळीला जायचं तर निम्मा दिवस बाजूला काढावा लागायचा. पण मडगाव-बाणावलीला उतरलेल्या पाहुण्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी गोव्याला एकच विमानतळ.

(आमच्याकडे चिपी परुळ्याला तिसराही आहे, ऑक्टोबर २०२१ पासून. एक गिऱ्हाईक मोप्याला उतरून "चिपीला न्यायला आलास ना?" असं आपल्या भाच्याला विचारत होतं. ते प्रकरण पुन्हा कधीतरी.)

तर, ३ वाजून ४० मिनिटं. इथे माझी चूक.

मी म्हणालो, "टॅक्सी घ्या आणि निघा. आधी निघा, मग बोलू."

घाबरलेल्या माणसाला हेच ऐकायचं असतं आणि सांगणाऱ्यालाही हेच सांगायला बरं वाटतं. भावोजी प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीकडे धावले. गोव्यात ओला-उबर नाही, त्यामुळे त्या खिडकीला किंवा सरकारमान्य अ‍ॅपला पर्याय नसतो. टॅक्सी ठरली, २,८०० रुपये. भाचा बॅगा डिकीत टाकायला लागला. तेवढ्यात मी नकाशा उघडून बघितला : १ तास २८ मिनिटं. पेडण्याच्या एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"आत्ता पर्वरी कशी असा?"

"पुलाचा काम चालू असा मरे. अर्धो तास धर."

"नकाशा कमी दाखवता."

"नकाशाक खड्डे दिसतत?"

पर्वरीत महामार्गावर उन्नत रस्त्याचं काम चालू होतं. पाचेक किलोमीटरच्या त्या पट्ट्यात कधी कुठली लेन बंद असेल ते सकाळी निघालेल्यालाही संध्याकाळी परतताना सांगता यायचं नाही.

मग मी कागदावर वेळा उलट्या मांडल्या. हे खरं तर फोन उचलल्या उचलल्या करायला हवं होतं. विमान ६:१० चं. देशांतर्गत प्रवासात बॅगा घेणारा काउंटर विमान सुटण्याआधी ६० मिनिटं बंद होतो, म्हणजे ५:१०. चढण्याचं दार २५ मिनिटं आधी, म्हणजे ५:४५. टॅक्सी ३:५० ला हलली आणि नकाशा खरा ठरला तर ५:१८ ला मोपा. काउंटर बंद होऊन आठ मिनिटं झालेली. पेडणेकर खरा ठरला तर आणखी उशीर.

लोक समजतात की सहा-दहाचं विमान म्हणजे सहाला पोहोचायचं. आपल्याला गाठायची असते ती वेळ विमानाची नसते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मला तेव्हा दिसली : इथे गाठायच्या वेळा दोन होत्या. बॅग असलेल्या माणसासाठी ५:१०. बॅग नसलेल्या, आणि वेब चेक-इन केलेल्या माणसासाठी ५:४५, त्यातून सुरक्षा तपासणीची पंधरा मिनिटं वजा. वेब चेक-इन भाच्याने आदल्या रात्रीच केलं होतं. म्हणजे तेच दोन विमानतळ, तोच रस्ता, तीच टॅक्सी, पण बॅगवाल्यासाठी मोपा पोहोचण्यापलीकडे आणि रिकाम्या हाताच्या माणसासाठी काठावर.

"भावोजी, बॅगा उतरवा."

"काय?"

"बॅगा उतरवा आणि एक मिनिट थांबा. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगा."

भावोजींचा आवाज चढला होता, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या दृष्टीने मी दहा मिनिटांत दोन उलटी वाक्यं बोललो होतो.

समोर काय काय होतं ते सांगतो. चौघांनी बॅगांसह मोप्याला जाणं : जवळजवळ नक्की हुकणार, वर टॅक्सीचे पैसे, आणि मग संध्याकाळी आत्यासह पेडण्याच्या पठारावर. चौघांनी बॅगा टाकून जाणं : वास्कोत ओळखीचं कुणी नाही आणि आत्याला व्हीलचेअर लागते, ती काउंटरवरूनच मिळते. आत्यासह पंधरा मिनिटांत सुरक्षा पार करून दारापर्यंत, हे होणार नव्हतं. मडगावहून कोकणकन्या : संध्याकाळी सुटते, पहाटे ठाण्याला पोचवते, वेळ जमली असती, पण शुक्रवारचं वेटिंग माझ्याच स्क्रीनवर समोर दिसत होतं आणि तत्काळ कधीच संपलं होतं. आणि मोप्याला रेल्वेने? पेडणे स्टेशन कोकण रेल्वेवर, दाबोळी वास्कोच्या फाट्यावर. मधे माजोर्डा किंवा मडगावला गाडी बदलायची. त्यात दिवस जातो.

राहिला तो पर्याय, जो कुणालाच सुचत नव्हता कारण तो हार मानल्यासारखा वाटतो. तुम्ही एका विमानतळाच्या दारात उभे आहात. त्याच विमानतळावरून रात्री मुंबईला विमानं आहेत. जागचे हलू नका, नवीन तिकीट काढा.

मी शोधलं. रात्री ८:५० चं एक विमान, दाबोळी ते मुंबई. चौघांसाठी टाकलं तर प्रत्येकी ११,४०० रुपये. भावोजी फोनवरच मटकन खाली बसले असावेत. मग मी तिघांसाठी टाकलं. प्रत्येकी ७,२००. हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो : स्वस्त दरातल्या जागा ठरावीक असतात. त्या दरात तीनच उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बहुतेक वेळा यंत्रणा चारही जागा वरच्या दराने दाखवते. तीन आणि एक असं वेगळं काढलं तर तिघं स्वस्तात बसतात. एकत्र काढले असते तर ४५,६०० झाले असते. तोडून काढले तरी ३३,००० होत होते.

आणि चौथी जागा? ताईकडे फक्त खांद्यावरची पर्स होती. ती भरभर चालते, रात्रपाळ्या करून घाई अंगवळणी पडलेली. तिला उद्या सातला पोहोचायचं आहे. टॅक्सी समोर उभी आहे. ३:५२ झाले होते.

"ताई, तू एकटी जा. काही घेऊ नकोस. बाकीचे इथून रात्रीच्या विमानाने येतील."

"आणि नाही मिळालं तर?"

"नाही मिळालं तर मोप्याहून माझं घर पाऊण तासावर आहे. मी न्यायला येतो, रात्रीच्या बसला बसवतो. ड्युटी चुकेल, दुसरं काही होणार नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी वाक्य होतं. हुकल्यावर काय, याचं उत्तर असलं की मगच काठावरचा जुगार खेळावा. आत्याला घेऊन हा जुगार मी खेळू दिला नसता.

ती निघाली. प्रवास तिने मला मेसेजवर कळवला, मी कागदावर लिहीत गेलो.

४:१० ला जुवारीवरचा पूल. हा पूल नसता तर मी तिला निघूच दिलं नसतं. नव्या केबलच्या पुलाच्या पहिल्या चार लेन २०२२ च्या डिसेंबरअखेर खुल्या झाल्या, उरलेल्या पुढच्या वर्षअखेर. त्याआधी जुन्या पुलाच्या तोंडाशी कुठ्ठाळीला गाड्या किती वेळ उभ्या राहायच्या ते गोव्यात नोकरी केलेल्या कुठल्याही सावंतवाडीकराला विचारा. विमान चुकलेला माणूस तिथे नेहमी भेटायचा. मोपा सुरू व्हायला आणि हा पूल खुला व्हायला आठवड्याभराचं अंतर आहे, आणि माझं मत असं की पुलाने गोव्याच्या विमानप्रवासावर विमानतळाइतकाच परिणाम केला.

४:३२ ला मेरशी. ठीक चाललं होतं. ४:४० ला मांडवीवरचा अटल सेतू ओलांडून पर्वरीच्या तोंडाशी.

मग मेसेज थांबले.

४:५१ ला एक आला : "उभे आहोत." त्यानंतर काही नाही. दुकानातलं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं, मी त्याला पाणीही विचारलं नव्हतं. ड्रायव्हर वास्कोचा होता, त्याने महामार्ग सोडून सुकूरच्या आतल्या रस्त्याला गाडी घातली आणि ५:०० ला गिरीला बाहेर काढली. सहा किलोमीटरला वीस मिनिटं. पेडणेकराचा अर्धा तास आणि नकाशाचा अंदाज यांच्या बरोबर मधे.

म्हापशापुढे रस्ता मोकळा. ५:१९ ला धारगळ. तिथून महामार्ग ते विमानतळ हा सहा-साडेसहा किलोमीटरचा सहापदरी जोडरस्ता २०२४ मध्ये खुला झाला. त्याआधी गावातून, वळणावळणाने जावं लागायचं. एखादी बस पुढे आली की संपलं. त्या दिवशी सात मिनिटं लागली. ५:२६ ला ताई दारात. निघाल्यापासून ९४ मिनिटं.

काउंटर बंद होऊन सोळा मिनिटं झाली होती. डिकीत बॅगा असत्या तर इथेच संपलं असतं. तिने मोबाइलवरचा बोर्डिंग पास दाखवला, आत गेली, सुरक्षेच्या रांगेत पुढच्यांना विनवण्या करत पुढे सरकली आणि ५:३९ ला चढण्याच्या दाराशी पोचली. सहा मिनिटं शिल्लक. तिथून तिने मला फोटो पाठवला, फोटोत फक्त जमीन होती. हात थरथरत असावेत.

इकडे दाबोळीला बाकीच्यांना पाच तास काढायचे होते. आत्याने मात्र ते उत्तम काढले. व्हीलचेअर मिळाली, चहा मिळाला, आणि तिने शेजारच्या बाकावरच्या चंदीगडच्या बाईंशी मराठीतून गप्पा मारल्या, असं भाचा सांगतो. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं.

हिशेब. नवीन तीन तिकिटं २१,६००, टॅक्सी २,८००, एकूण २४,४०० रुपये. जुनी तीन तिकिटं वाया. विमानाला गैरहजर राहिलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार प्रवाशाला परत मिळायला हवेत असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. मी मागितले. दोन आठवड्यांनी तिघांचे मिळून अकराशेच्या आसपास आले. भावोजींनी त्याची पार्टी मागितली, मी दिली नाही.

ताईला पाठवलं ते बरोबर होतं का, यावर आमच्यात अजून वाद आहे. चौघं थांबले असते तर ८,६०० रुपये जास्त गेले असते, आणि साडेआठ-नऊच्या विमानानेही ती सातच्या ड्युटीला पोहोचलीच असती. म्हणजे घाईचं खरं कारण ड्युटी नव्हतंच, चौथ्या तिकिटाचा दर होता. सहा मिनिटांनी निभावलं म्हणून निर्णय शहाणा ठरला. पर्वरीत आणखी एक ट्रक आडवा झाला असता तर याच निर्णयाला भावोजींनी काय म्हटलं असतं, ते मला ऐकू येतं. मी पुन्हा असंच करेन का? बॅग नसलेला, एकटा, धडधाकट माणूस आणि मोप्याजवळ घर असलेला मामेभाऊ, या चारही गोष्टी असतील तर करेन. एक जरी कमी असली तरी जागचं हलू नका म्हणेन.

तेव्हापासून गोव्याचं तिकीट काढलं की मी छापील कागदावर लाल पेनने तालुक्याचं नाव लिहितो. दाबोळी असेल तर 'मुरगाव', मोपा असेल तर 'पेडणे'. लोक विचारतात हे काय, आणि विचारतात म्हणून लक्षात राहतं. दोन वेगळ्या विमानतळांची तिकिटं असतील तर दोन्ही कागद एकत्र स्टेपल करत नाही.

ताई त्या रात्री नऊ वाजता ठाण्याला घरी पोचली. मला फोन केला. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "ऐक ना, घराची किल्ली कुठल्या बॅगेत आहे, भावोजींना विचारतोस का? त्यांचा फोन लागत नाही."

किल्ली मोठ्या निळ्या बॅगेत होती. ती तेव्हा दाबोळीहून निघायचीच होती. ताई शेजारच्या काकूंकडे सोफ्यावर बसून राहिली, साडेबारा वाजेपर्यंत.